क्युप्रस ऑक्साइडची फिल्म: थर कमी चढला, पण टिकला

गेल्या नोंदीत लिहिलं होतं की सौर सेलसाठी काचेवर क्युप्रस ऑक्साइडचा (तांब्याच्या एका ऑक्साइडचा) दाट पिवळा-तपकिरी थर आला, पण सेलोटेप लावून ओढली की निम्मा टेपवर. या महिन्याचे चारही रविवार त्यामागे गेले. कारण सापडलं.

पद्धत तीच, सिलार (SILAR), म्हणजे द्रावणांतून थरावर थर चढवणं. काच दोन द्रावणांत आळीपाळीने बुडवायची आणि प्रत्येक बुडीनंतर पाण्यात धुवायची, ही एक फेरी. संशोधक निकोलाऊ यांनी ही पद्धत 1985 मध्ये मांडली. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. सी. डी. लोखंडे यांच्या गटाने तिच्यावर भरपूर काम केलं आहे. व्हॅक्यूम पंप लागत नाही, म्हणून घरच्या टेबलावर जमते.

एका बीकरमध्ये 70 अंशांचा कॉस्टिक सोडा. इथे गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय मी बसत नाही. दुसऱ्यात मोरचूद आणि डार्करूममध्ये वापरतात तो हायपो (सोडियम थायोसल्फेट). हायपो घालत गेलं की निळा रंग आधी हिरवट होतो, मग पार जातो; तांबं क्युप्रस (एक धन भाराच्या) अवस्थेत आल्याची ती खूण. हे द्रावण थंडच ठेवा. पहिल्या रविवारी माझं शेगडीशेजारी राहिलं आणि कॉपर सल्फाइडचा काळा गाळ धरून बसलं.

आता मुद्द्याचं. 1 मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर काच आधी आणि नंतर तोलली. दोन्ही बाजू मिळून 20 चौरस सेंटिमीटर, घनता 6 धरली. जुन्या काचेवर 40 फेऱ्यांत 12 मिलिग्रॅम चढले होते, म्हणजे 1 मायक्रॉन, फेरीला 25 नॅनोमीटर. क्युप्रस ऑक्साइडच्या स्फटिकाची एक पेटी (पुन्हा पुन्हा येणारा सर्वांत लहान घटक) 0.43 नॅनोमीटरची असते. मग एका बुडीत इतकं कुठून आलं? थरावर थर चढतच नव्हता. काचेला चिकटून आलेल्या द्रावणातच कण तयार होत होते आणि नुसते वर बसत होते. मी ज्याला छान दाट रंग म्हणत होतो, ती भुकटी होती.

म्हणून धुण्याचा वेळ 5 सेकंदांवरून 20 वर नेला, पाणी दर दहा फेऱ्यांनी बदललं. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर पुरतं. नव्या काचेवर 40 फेऱ्यांत फक्त 5 मिलिग्रॅम, साधारण 0.4 मायक्रॉन. काट्याची चूक धरली तरी बरंच कमी. रंग फिका, लिंबाच्या सालीसारखा, आरपार दिसतं. टेपवर काहीही आलं नाही! तीनदा ओढून पाहिली.

मग सोल्डरिंग आयर्नने तापवलेल्या टोकाची चाचणी. लाल वायर गरम टोकाला, काळी थंड टोकाला. मीटर उणे गेला. होल्स (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, धन भारासारख्या वागणाऱ्या) गरम जागेपासून दूर जातात, म्हणून गरम टोक ऋण, म्हणजे थर पी-टाइप, त्यात वीज होल्स वाहून नेतात. रोध फार असल्याने आकडा डोलतो, पण पाच जागी चिन्ह तेच आलं. ही चाचणी साध्या काचेवरच करा. एफटीओ काच (वीज वाहणारा पारदर्शक थर दिलेली) स्वतःच एन-टाइप असते, म्हणजे तिच्यात वीज इलेक्ट्रॉन नेतात, तिच्यावर मीटर तिचंच उत्तर देईल.

2016 मध्ये जपानच्या मिनामी यांच्या गटाने क्युप्रस ऑक्साइडच्या सौर सेलमध्ये 8.1 टक्के कार्यक्षमता गाठली होती, तेही तांब्याचा पत्रा भट्टीत ऑक्सिडाइझ करून. माझा थर त्याच्या जवळपासही नाही, पण जंक्शन (पी आणि एन थरांचा जोड) करण्याइतका आता आहे.

पुढच्या रविवारी एफटीओवर आधी झिंक ऑक्साइड, त्यावर हीच 40 फेऱ्यांची फिल्म. कॉस्टिक सोड्यात झिंक ऑक्साइड विरघळतं, ही मोठी अडचण आहे. सोड्याची तीव्रता उतरवून कुणी हे केलं असेल, तर किती मोलरवर थांबलात ते सांगा.