अमोनियाच्या रिपोर्टपायी गेलेले सहा दिवस

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी अप्पांना बँकेत नेलं, तर सही जुळेना. चार वेळा केली, चारही वेळा वेगळी. पस्तीस वर्षं शाळेच्या हजेरीपटावर मोत्यासारखं अक्षर काढलेला माणूस! घरी येऊन त्यांची रामनामाची वही उघडली. दसऱ्यापर्यंत एकेक नाव आपापल्या चौकटीत होतं, पुढे ओळी खाली घसरत गेलेल्या, 'राम' मधला 'म' शेजारच्या चौकटीत. रात्री टक्क जागे असायचे आणि दिवसा जेवता जेवता डुलकी. नातेवाईक म्हणाले, साठी बुद्धी नाठी. मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय पाहून डिमेन्शियाची सुरुवात असेल म्हणून एक गोळी दिली, झोपेची दुसरी. झोपेच्या गोळीने अप्पा दीड दिवस शुद्धीवरच नव्हते. लिव्हरचा त्रास असलेल्या माणसाला झोपेची गोळी परस्पर देऊ नका, हे मला नंतर कळलं.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी अप्पांना दोन्ही हात पुढे करून, पंजे वर उचलून धरायला सांगितलं. पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडले. मग त्यांनी जुनी फाईल मागितली. वय ७१, एसजीओटी ६२, एसजीपीटी ४१ (रक्तातले लिव्हरचे दोन आकडे), प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी ९२ हजार. या चार आकड्यांचं एक साधं गणित असतं, फिब-४ म्हणतात. ते २.६७ च्या वर गेलं की लिव्हर व्रणांनी घट्ट झाल्याची शंका घ्यायची. अप्पांचं साडेसातच्या आसपास आलं. तीन वर्षं ते आकडे आमच्या कपाटात पडून होते आणि कोणी एकत्र मांडले नाहीत. अप्पांनी दारूचा थेंब कधी घेतला नाही. वीस वर्षांची शुगर आणि 'थोडं फॅटी आहे' म्हणून सोडून दिलेलं लिव्हर, एवढंच.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. आतड्यात अमोनिया सतत तयार होतो, बराचसा तिथल्या जंतूंमुळे. तो थेट लिव्हरकडे जातो, लिव्हर त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघतो. लिव्हर थकलं किंवा रक्त त्याला वळसा घालून जायला लागलं की अमोनिया मेंदूपर्यंत पोचतो आणि माणसाचा असा गोंधळ उडतो. पोट तुंबलं की आणखी वाढतो. अप्पांना तीन-तीन दिवस शौचाला होत नव्हतं.

पुढे लिव्हरच्या तज्ज्ञांची वेळ घ्यायची होती. तिथल्या मदतनिसाने अट घातली: आधी अमोनियाचा रिपोर्ट आणा.

घराजवळच्या कलेक्शन सेंटरवर मुलीने रक्त घेतलं आणि ट्यूब स्टँडमध्ये लावली. "हे कधी जाणार?" "संध्याकाळी गाडी येते ना, मॅडम." आकडा नॉर्मलच्या चौपट आला. फॅमिली डॉक्टर म्हणाले, हा धरता येणार नाही. रक्त पडून राहिलं की ट्यूबमध्येच अमोनिया वाढतो. सॅम्पल बर्फात ठेवून लगेच मशीनवर लागायला हवं. मग मोठ्या हॉस्पिटलात गेलो. किट संपलंय, सोमवारी या. सोमवारी आधी पैसे भरा, मग या खिडकीवरून त्या खिडकीवर. एक चाळीसला रक्त घेतलं तेव्हा लॅबमधला माणूस जेवायला गेलेला. ट्यूब काउंटरवर. मी हात जोडून सांगत होते, बर्फात तरी ठेवा हो. शेजारी व्हीलचेअरवर बसलेल्या अप्पांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कोणाबरोबर आलात?"

तिसऱ्या वेळी आदल्या दिवशीच लॅबच्या प्रमुखांना फोन केला, सकाळी साडेआठची वेळ ठरवली, फ्रीजरमधला बर्फ स्टीलच्या डब्यात भरून नेला आणि ट्यूब स्वतः जिना उतरून मशीनपर्यंत पोचवली. रक्त घेताना दंडाची पट्टी करकचून बांधू देऊ नका आणि मूठ वळायला लावू देऊ नका, त्यानेही आकडा फुगतो.

सहा दिवस गेले. तज्ज्ञांनी अप्पांचे हात पाहिले, मिनिटभरात आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावं घ्यायला सांगितली. अप्पा गाय, म्हैस, कुत्रा, परत गाय म्हणून थांबले. रिपोर्ट त्यांनी शेवटी उघडला. म्हणाले, "लक्षणं इतकी स्पष्ट असताना यासाठी थांबायला नको होतं. औषध त्याच दिवशी सुरू करता आलं असतं." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाने.

लॅक्टुलोजचं गोड पातळ औषध. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच होईल इतकंच द्यायचं. जास्त झालं तर अंगातलं पाणी जाऊन पुन्हा गोंधळ वाढतो. पुढे आतड्यातले जंतू कमी करणारं रिफॅक्सिमिनही जोडलं. चौथ्या दिवशी सकाळी अप्पांनी मला नावाने हाक मारली आणि चहात साखर का नाही म्हणून विचारलं.

अमेरिकेत डिमेन्शियाचं निदान झालेल्या पावणेदोन लाखांहून जास्त माजी सैनिकांच्या नोंदी तपासल्या होत्या, तो अभ्यास २०२४ मध्ये आला. त्यातल्या दहा टक्क्यांच्या घरात लोकांचं फिब-४ वाढलेलं निघालं. या सगळ्यांचा विसर लिव्हरमुळेच होता असं नाही, खरा डिमेन्शियाही असतोच. पण विसरभोळ्या आई-वडिलांच्या जुन्या रिपोर्टांतून हे चार आकडे एकदा काढून डॉक्टरांना दाखवा.

आणि प्रथिनांनी अमोनिया वाढेल या भीतीने डाळ, दूध बंद करू नका. आम्ही कोणाच्या तरी सांगण्यावरून आठवडाभर बंद केलं होतं, ते तज्ज्ञांनी लगेच सुरू करायला लावलं. रात्री उपाशी पोटी राहू नये म्हणून झोपण्याआधी थोडं खायचं. अप्पा आता दहा वाजता वाटीभर दलिया खातात आणि मग वही घेऊन बसतात.