आमची वाटचाल : दांड्याचं बूड बघून

अमेरिकेत ओहायो राज्यात आम्ही हिकरी नावाच्या झाडाच्या लाकडाचे अवजारांचे दांडे बनवतो. शेडमध्ये नवा माल आला की मी आधी दांड्याचं बूड बघतो. कापलेल्या टोकावर वाढीची वलयं दिसतात. कुऱ्हाडीच्या दांड्यात त्या रेषा पात्याच्या दिशेनं जायला हव्यात. आडव्या दिसल्या की दांडा बाजूला काढायचा. आजोबा साताऱ्याकडे सुतारकाम करायचे. कुदळीला बाभूळ आणि कावडीला धामण, हे त्यांचं ठरलेलं. धामणीची लवचिकता लहानपणीच हाताला माहीत झाली होती, म्हणून इथं हिकरी पहिल्यांदा तासली तेव्हा ती परकी वाटली नाही.

शॅगबार्क हिकरी लांबूनही ओळखू येते. खोडावरून सालीचे लांब पट्टे सुटून लोंबत असतात, ओल आलेल्या भिंतीचा गिलावा सुटावा तसे. वाळलेलं लाकूड घनफुटाला सुमारे ५० पौंड भरतं. कठीण असूनही ते घाव झेलतं, म्हणून एके काळी घोडागाड्यांच्या चाकांच्या आऱ्या आणि गोल्फच्या काठ्या हिकरीच्या असत. आज ड्रम वाजवायच्या काठ्याही होतात. पण हेच लाकूड ओल्या मातीत ठेवलं तर लवकर कुजतं. कुंपणाला खांब मागायला येणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो.

पहिलं वर्ष मात्र आमच्या घाईनं खाल्लं. हिकरी वाळताना खूप आक्रसते. आम्ही हीटर लावून ती पटापट वाळवली आणि निम्मे दांडे धनुष्यासारखे वाकले. उरलेल्यांपैकी काही तसेच रचून ठेवले. काही महिन्यांनी खाली पिठासारखा भुगा आणि लाकडाला टाचणीएवढी भोकं! कीड बाहेरच्या पांढऱ्या लाकडातच शिरते, कारण तिथं पिष्ट असतं. तेव्हापासून माल भट्टीतून काढतो आणि दांडा तयार झाला की लगेच जवसाचं तेल पाजतो, म्हणजे किडीला अंडी घालायला छिद्रं उघडी राहत नाहीत.

पांढऱ्या लाकडाचं आणखी एक दुखणं आहे. गिऱ्हाइकाला पांढराच दांडा लागतो, आतल्या लालसर गाभ्याचा म्हटला की नाक मुरडतो. लाकडाचा अभ्यास करणाऱ्या इथल्या मॅडिसन शहरातल्या सरकारी प्रयोगशाळेनं फार पूर्वीच तपासून सांगितलं आहे की वजन सारखं असेल तर लाल आणि पांढऱ्याच्या ताकदीत फरक नाही. पण रंगाचा हट्ट जात नाही (आपल्याला हे नवं नाही म्हणा). वाद घालण्यापेक्षा आम्ही लाल दांडे थोडे स्वस्त लावले. आता रोज झाडं तोडणारे लोक नेमके तेच उचलतात.

तुकडे आणि ढलप्या मांस धुरवणारे घेऊन जातात. थंडीतलं विजेचं बिल त्यावर निघतं. आणि शेडमागची हिकरी दसरा-दिवाळीच्या सुमारास फळं टाकते. खारींनी सोडली तेवढी आमची. कवच असं की अडकित्ता हरतो, हातोडीच लागते. आई इथं आली की स्वेटर विणायच्या सुईनं गर कोरून काढते आणि गुळात चिक्की करते. दोन तास कोरल्यावर जेमतेम वाटीभर निघतो, म्हणून ती विकायची नाही, असा तिचा हुकूम आहे.