तंजावरला जाताय? मग सरस्वती महालासाठी अर्धा दिवस ठेवा

तंजावरला गेलेली आपली माणसं बृहदीश्वराचं दर्शन घेतात, नंदीसमोर फोटो काढतात आणि कुंभकोणमची वाट धरतात. आम्ही सकाळ राजवाड्याला दिली आणि देऊळ संध्याकाळवर ढकललं. तुम्हीही तसंच करा. दुपारी देऊळ बंद असतं आणि फरशीवर अनवाणी पाय पोळतात ते वेगळंच.

राजवाड्याच्या आवारातच सरस्वती महाल ग्रंथालय आहे. संग्रहाची सुरुवात नायक राजांच्या काळातली. पुढे व्यंकोजीराजांच्या (शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, तंजावरच्या भोसले गादीचे संस्थापक) वंशजांनी तो वाढवला, आणि सगळ्यात जास्त भर घातली ती दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२). काशीयात्रेला गेले तेव्हा तिथूनही पोथ्या घेऊन आले. आज हस्तलिखितं चाळीस हजारांच्या वर आहेत. बहुतेक संस्कृत, पण ती ग्रंथ (दक्षिणेत संस्कृत लिहायची लिपी), तेलुगू, नंदीनागरी, देवनागरी अशा वेगवेगळ्या लिप्यांत. शिवाय तमिळ, तेलुगू आणि मराठी.

सर्वांसाठी खुलं आहे ते छोटं संग्रहालय. ताडपत्रांच्या पेटीशी घाई करू नका. पान जेमतेम दोन-तीन बोटं रुंद, त्यात दोरी ओवायला भोकं, वरखाली लाकडी फळ्या. अक्षरं शाईने लिहिलेली नाहीत, लोखंडी लेखणीने कोरलेली आहेत. कोरून झालं की पानावर काजळी चोळायची आणि पुसून घ्यायची. खाचेत उरते तेवढीच अक्षरं दिसतात. किडीसाठी इथे पूर्वापार वेखंड, मिरी, लवंग, कापूर असल्या जिनसांच्या पुरचुंड्या ठेवत आले आहेत. म्हणजे निम्मं औषध आपल्या आजीच्या बटव्यातलंच!

मराठी वाचकाने इथे यायचं खरं कारण मात्र नाटकं. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे (१६८४ ते १७१२) यांच्या काळातली मराठी नाटकं इथे हस्तलिखितांत आहेत. मराठीतलं पहिलं नाटक म्हणून सांगितलं जाणारं विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर' १८४३ चं, हे लक्षात घ्या. खुद्द सरफोजींच्या 'देवेंद्र कुरवंजी'त (कुरवंजी म्हणजे तमिळ वळणाचं नृत्यनाट्य) तर चक्क जगाचा भूगोल येतो, तोही गाण्यांतून. शाळेत आम्हाला असा भूगोल कुणी शिकवला असता तर! त्यांच्याच काळात तंजावरच्या छापखान्यात इसापच्या गोष्टींचं मराठी पुस्तक निघालं, १८०६ साली.

मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत: दरबाराचे हिशेब, पत्रव्यवहार, देवस्थानांचा खर्च. पण 'जाऊ आणि बघू' म्हणून ते हातात पडत नाहीत. अभ्यासासाठी मूळ पोथी हवी असेल तर निघण्याच्या बऱ्याच आधी लेखी अर्ज करा. विषय नेमका लिहा, छापील सूचीतला क्रमांक द्या, संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र जोडा. पुण्यात मोडी शिकलेल्यांनीही थोडा सराव करून जावं. इथल्या मजकुरात तमिळ शब्द असे बेमालूम मिसळतात की मोडी लागते आणि अर्थ लागत नाही.

नुसतं बघायला जाणाऱ्यांनी विक्री विभाग चुकवू नये. ग्रंथालयाने स्वतः छापलेली पुस्तकं तिथे मिळतात, त्यात मराठीही असतात. रोख पैसे जवळ ठेवा. संग्रहालयात फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे वही-पेन्सिल न्या. बुधवारी सुट्टी असते, सरकारी सुट्ट्यांनाही. वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. त्याच आवारात चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालनही आहे, त्याचं तिकीट वेगळं.

जवळचा विमानतळ तिरुचिरापल्ली. तिथून रेल्वेने किंवा बसने तास-दीड तासात तंजावर. राजवाड्यातून मोठ्या देवळाला रिक्षाने काही मिनिटं लागतात. देवळात गेलात की आवाराच्या नैऋत्येकडच्या भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास शोधा. लेख लांबलचक आहे, मराठीत आणि देवनागरीत. अक्षर बारीक, तेव्हा उजेड असतानाच पोचा.