औषध नाही, मग नाकात काडी कशाला?

"डॉक्टर, व्हायरसवर औषधच नाही म्हणता, मग नाकात काडी घालून पोराला रडवता कशाला?" मुंबईत पावसाळा सुरू झाला की मुलांच्या वॉर्डात मला हे रोज कुणीतरी विचारतं. बहुधा आईच. रात्रभर जागलेली, मांडीवर पोट उडणारं बाळ. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

ऑक्सिजन, सलाइन वगैरे आम्ही रिपोर्टची वाट न बघताच देतो. रिपोर्टमुळे एखादं अँटिबायोटिक टळतं, आणि फ्लू निघालाच तर त्यावर औषध आहे. पण काही वेळा फ्लू नाही, आरएसव्ही (बाळांच्या छातीवर जाणारा नेहमीचा व्हायरस) नाही, कोविडही नाही, आणि मूल तर धापा टाकतंय. माझा जीव अडकतो तो अशा नमुन्यांत.

जानेवारी 2025 मधली एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या व्हायरसची धास्ती आठवते? मला रात्री-अपरात्री फोन येत होते, "नवीन व्हायरस आलाय ना?" नवीन कुठला! नेदरलँड्समध्ये तो 2001 साली ओळखला गेला, आणि तिथेच 1958 पासून जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतही त्याच्या अँटिबॉडीज सापडल्या. म्हणजे चाळीसेक वर्षं तो पोरांना खोकवत होता, फक्त त्याला नाव नव्हतं. त्या बाटल्या कुणी फेकून दिल्या नाहीत म्हणून हे कळलं. आपल्या वॉर्डांतली दरवर्षीची मोजणी हाताशी असती, तर "दरवर्षी एवढी मुलं असतातच" असं मी आकड्यानिशी सांगू शकले असते.

खरी भीती मला एन्टेरोव्हायरस डी68 ची वाटते. 1962 मध्ये कॅलिफोर्नियात सापडला, मग कित्येक वर्षं क्वचितच दिसला. 2014 मध्ये अमेरिकेत दम लागलेली शेकडो मुलं दाखल झाली, आणि त्याच सुमारास काहींचे हातपाय अचानक लुळे पडले, पोलिओसारखे. आपल्या नेहमीच्या तपासणीत ऱ्हायनो (साध्या सर्दीचे व्हायरस) आणि एन्टेरो (डी68 ज्यातला तो गट) बहुतेकदा एकाच नावाखाली येतात. डी68 वेगळा काढायचा तर पुढची चाचणी लागते, आणि त्यासाठी नमुना बर्फात नीट जपलेला हवा. लोकलच्या गर्दीतून, जुलैच्या दमट हवेतून तो डबा थंडच पोचावा म्हणून आमची माणसं किती धडपडतात!

काडी आत असते ती जेमतेम पाच-सहा सेकंद. तुम्ही बाळाचं डोकं घट्ट धरा, म्हणजे परत घालावी लागणार नाही.