बिस्केच्या उपसागरात बंड्याचा सत्याग्रह

स्पेनमधले दिवस सुंदर गेले, पिकोस दे एउरोपाच्या डोंगरांत पाऊस फारसा लागला नाही आणि पोतेस गावात छोट्या काबुली चण्यांचा जो रस्सा मिळाला तो अजून जिभेवर आहे. एवढे सांगून मी स्पेन इथेच संपवते, कारण मनात ठाण मांडून बसला आहे तो इंग्लंडमधले पोर्ट्समथ ते स्पेनमधले सांतांदेर हा समुद्रप्रवास, आणि त्यातही आमच्या कुत्र्याने लघवी न करता काढलेले तास.

बंड्या हा लॅब्राडॉर आणि कोली यांच्या मिश्रणातून झालेला, इंग्लंडमध्येच जन्मलेला आणि आमच्या घरी मराठीत वाढलेला कुत्रा आहे. त्याला विमानाने परदेशी नेण्याचा विचार आम्ही कधी केला नाही, कारण ब्रिटनमध्ये परत येताना कुत्र्याला विमानातून मालवाहू सामान म्हणूनच यावे लागते आणि त्या पेटीत त्याला एकट्याला कोंडण्याची आमची तयारी नाही. खाडीखालून जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेत मार्गदर्शक आणि साहाय्यक कुत्री सोडली तर इतरांना प्रवेश नाही. डोव्हरहून कॅलेला गेले तर दीड तासात फ्रान्स येतो, परंतु तिथून सांतांदेरपर्यंत हजार किलोमीटरांहून जास्त गाडी हाकावी लागते. त्यापेक्षा गाडी, माणसे आणि कुत्रा या सर्वांना तीस तासांच्या आसपास एकाच बोटीवर ठेवणारा लांबचा मार्ग आम्हाला बरा वाटला. या मार्गावर कुत्र्यासह राहता येईल अशा मोजक्या केबिन असतात आणि त्या इतक्या आधी भरतात, की त्यांच्या तारखा पाहूनच आम्ही रजा टाकली.

कागदपत्रांविषयी मात्र थोडी तक्रार केल्यावाचून राहवत नाही. 2020 अखेरपर्यंत इंग्लंडमधल्या कुत्र्याला एकच पासपोर्ट मिळत असे आणि रेबीजची लस वेळच्या वेळी दिली तर तो अनेक वर्षे चालत असे. आता प्रत्येक सफरीला नवे आरोग्य प्रमाणपत्र लागते, ते युरोपात शिरण्याआधीच्या दहा दिवसांत अधिकृत पशुवैद्याकडून घ्यावे लागते, आणि त्याच्या पानापानावर सही-शिक्का होईपर्यंत आपला खिसा चांगलाच हलका होतो. कातडीखालची ओळखीची चिप लशीआधी बसवलेली हवी आणि पहिल्या लशीनंतर एकवीस दिवस थांबलेले हवे, हे वेगळेच. तरीही 2000 सालापर्यंत बाहेरून ब्रिटनमध्ये येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागत, हे आठवले की राग थोडा उतरतो. तो पुन्हा चढला याचे कारण निराळे होते. बंड्याच्या प्रमाणपत्रावर त्याला चार महिने युरोपात हवे तसे भटकता येणार होते. आम्हा भारतीय पासपोर्टवाल्यांना मात्र, बँकेच्या कागदांपासून पगाराच्या पावत्यांपर्यंत सर्व सादर करूनही, प्रवासाच्या तारखांना जेमतेम पुरेल एवढाच शेंगेन व्हिसा मिळाला होता. "म्हणजे तो साहेब आणि तुम्ही त्याचे नोकर," असे आईने साताऱ्याहून फोनवर सांगितले, आणि त्यावर उत्तर देण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

बोट रात्री सुटली. बंदरावरच्या गवताच्या पट्ट्यावर बंड्याने शेवटचा पाय वर केला, मग मुसके बांधून आम्ही त्याला गाड्यांच्या डेकवरून लिफ्टने वर नेले आणि तो केबिनमध्ये दोन पलंगांच्या मधल्या जागेत शहाण्यासारखा झोपला. कुत्र्यांना मोकळे होण्यासाठी सगळ्यात वरच्या डेकवर कुंपण घातलेली एक जागा होती. तिथे रंगवलेले लोखंड, धुण्यासाठी पाण्याची नळी, पिशव्यांसाठी डबा आणि धुराड्यातून येणारा डिझेलचा वास याखेरीज काही नव्हते. सकाळी बंड्याने त्या लोखंडाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि तो खाली बसला. ज्याला लहानपणापासून घरात घाण करायची नाही असे शिकवले आहे, त्या कुत्र्याच्या दृष्टीने पायाखाली माती किंवा गवत नसलेली प्रत्येक जागा हे घरच असते, आणि या बाबतीत त्याचे शिक्षण आमच्या अपेक्षेपेक्षा पक्के झाले होते.

दुपारपर्यंत आम्ही आळीपाळीने त्याला वर नेत राहिलो. त्याने पाणी पिणे बंद केले. नवरा त्याच्यासमोर गोल गोल चालू लागला, मी "शू कर, शू कर" असे तान्ह्या बाळाला म्हणावे तसे म्हणू लागले, आणि साताऱ्याच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर स्पेनची चौकशी थांबून फक्त "झाली का?" एवढेच येऊ लागले.

या काळात त्या कुंपणात जो समाज जमला होता त्याविषयी लिहिले पाहिजे. मी इंग्लंडमध्ये इतकी वर्षे राहते, शेजाऱ्यांशी हवामानापलीकडे बोलणे क्वचितच होते. पण इथे हिवाळा स्पेनमध्ये काढायला निघालेली निवृत्त मंडळी पहिल्याच भेटीत आपल्या कुत्र्याचे पोट, स्वतःचे गुडघे आणि मुलाचा घटस्फोट असे सर्व काही सांगत होती. खालच्या उपाहारगृहात तीच माणसे ओळख दाखवत नसत. एक आजोबा तर म्हणाले, की त्यांची कुत्री दरवर्षी सांतांदेरच्या धक्क्यावर उतरेपर्यंत थांबते. त्यांनी हे धीर देण्यासाठी सांगितले असावे, पण माझा जीव आणखी खाली गेला.

दुपारनंतर बोट बिस्केच्या उपसागरात अशा जागी आली, जिथे समुद्राचा तळ काहीशे मीटरांवरून एकदम चार हजार मीटरांच्या खाली जातो आणि म्हणून तिथे देवमासे दिसतात. कोणीतरी ओरडले, सगळे कठड्याकडे धावले. निळ्या देवमाशाखालोखाल जगातला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे फिन व्हेल, आणि त्याचा फवारा त्या दिवशी म्हणे अगदी जवळ दिसला. मी तो पाहिला नाही. नेमक्या त्याच वेळी एका बाईंनी आपल्या स्पॅनियल जातीच्या कुत्र्यासाठी आणलेला, पायपुसण्याएवढा खोट्या गवताचा तुकडा आमच्यासमोर अंथरला होता. तो धुतलेला नव्हता आणि तेच त्याचे बळ होते. बंड्याने तो कडेकडेने हुंगला, स्पॅनियलने सोडलेला निरोप पुरता वाचला आणि त्यावर आपला पाय वर करून अशी सविस्तर सही केली, की देवमासा पाहून परतणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या बाईंना तुकडा धुऊन देऊ केला, तर त्यांनी हात अडवला आणि धुतला तर पुढच्या कुत्र्याच्या उपयोगाचा राहणार नाही, असे सांगितले.

परतीचे सांगायचे तर ब्रिटनमध्ये शिरण्याआधी चोवीस ते एकशेवीस तासांच्या दरम्यान पशुवैद्याकडून पट्टकृमीची गोळी द्यावी लागते आणि तिची नोंद वेळेसह प्रमाणपत्रावर व्हावी लागते. सांतांदेरच्या पशुवैद्य बाईंनी ती चोरिसो नावाच्या स्पॅनिश सॉसेजच्या तुकड्यात घालून दिली आणि बंड्याने दुसरी मागितली. बंदरावर चिप वाचण्याचे यंत्र गाडीच्या खिडकीतून आमच्याच हाती देण्यात आले आणि आम्ही आमच्याच कुत्र्याची तपासणी करून दाखवली. खोट्या गवताचा तुकडा आम्ही सांतांदेरमध्येच विकत घेतला होता. तो कोरा असल्यामुळे बंड्याने त्याला ढुंकूनही पाहिले नाही आणि बोट सुटल्यावर थोड्याच वेळात कुंपणाच्या बाहेर, जिथे कुत्र्यांना मनाई आहे अशी पाटी होती, त्या पाटीच्या खांबावर त्याने आपले काम उरकले. बादली घेऊन आलेल्या खलाशाने पाटीच्या आतल्या बाजूचे कुंपण दाखवून मला स्पॅनिशमध्ये काहीतरी ऐकवले, आणि मी मराठीत माफी मागितली.