दोन नंबरचा शर्ट

आईला एकदा फोनवर सांगितलं, "अगं, सेलमध्ये दोन नंबरचा शर्ट मिळाला." पलीकडे क्षणभर शांतता. मग दबक्या आवाजात, "पावती घेतलीस ना?"

आमच्या विट्यात दोन नंबरला एकच अर्थ. मुलगी अमेरिकेत जाऊन चोरीचे कपडे घालायला लागली असंच तिला वाटलं असणार. शर्ट होता गडद निळा, छातीवर मक्याच्या दाण्यासारखा पिवळाजर्द 2. पाठीवर नाव नाही. कॉलेजच्या खेळाडूचं नाव छापून शर्ट विकायला तेव्हा मनाई होती, नुसता आकडा चालायचा. आकडा कुणाचा, हे मात्र अ‍ॅन आर्बरमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इथल्या मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघातला चार्ल्स वुडसन.

आम्ही तिथे पोचलो 1997 च्या ऑगस्टमध्ये. नवऱ्याची पीएचडी सुरू झाली होती, माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, आणि घर मिशिगन विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमपासून चालत दहा मिनिटांवर. घरमालकीणबाईंनी पहिली ताकीद दिली ती भाड्याची नव्हे, शनिवारची. सामना असेल त्या शनिवारी अंगणात तुमचं काहीही दिसता कामा नये. अंगणात गाड्या लागायच्या, प्रत्येक गाडीमागे पैसे. आम्ही खिडकीत बसून गाड्या मोजायचो. खेळ मला त्याच बाईंनी शिकवला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मीठदाणी आणि काटेचमचे मांडून. तो मी आईला शिकवायला गेले.

"चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलं की पुन्हा चार प्रयत्न."

"मग एका दमात का नाही पळत?"

"समोरचे अडवतात ना."

"का? त्यांचं काय जातं?"

मी विषय बदलला.

हे स्टेडियम 1927 सालचं. आज त्यात 1,07,601 माणसं बसतात. आमच्या विट्यासारखी दोन गावं आत घातली तरी कोपऱ्यात जागा उरेल. तेव्हा रस्त्यावरून मात्र ते फारसं दिसायचं नाही, कारण बहुतेक सगळं जमिनीत खणलेलं आहे. दारातून आत शिरलं की पायऱ्या वर जात नाहीत, खाली उतरतात. पहिल्यांदा गेले तेव्हा मला एखाद्या जुन्या बारवेच्या काठावर उभं राहिल्यासारखं वाटलं. फक्त तळाशी पाण्याऐवजी हिरवं मैदान, आणि पायरीपायरीवर माणसं. बसायला सलग बाक, त्यावर आकडे रंगवलेले. सप्टेंबरात त्या आकड्यांत माणूस मावतो. नोव्हेंबरात प्रत्येकाच्या अंगावर तीन कोट चढतात आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाचं अर्धं अंग जिन्यात लोंबतं. माझ्या कोटाच्या खिशात दिवाळीच्या उरलेल्या चकल्या. त्यांचा तिसऱ्या डावापर्यंत चिवडा होतो.

त्या पहिल्या मोसमात आम्ही बारापैकी बारा सामने जिंकलो. "आम्ही" कधीपासून म्हणायला लागले ते आठवत नाही, पण 22 नोव्हेंबरला आमच्या हाडवैऱ्याविरुद्ध, शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाविरुद्ध, वुडसन चेंडू घेऊन 78 यार्ड पळाला तेव्हा मी नक्कीच "आम्ही" होते. राष्ट्रीय विजेतेपद नेब्रास्का विद्यापीठाबरोबर वाटून मिळालं. मला वाटलं, हे दरवर्षी असंच असतं. पहिल्या दिवाळसणाला जावयाचं जे कौतुक होतं ते जन्मभराचं समजावं, इतकी मी भोळी. पुढचा तसला सण यायला 26 वर्षं लागली.

मधल्या वर्षांची रोजनिशी उघडत नाही. 2007 मध्ये देशात पाचव्या क्रमांकावर असताना अ‍ॅपलेशियन स्टेट नावाच्या, आम्ही आदल्या दिवशी नकाशात शोधलेल्या कॉलेजने घरात येऊन 34-32 असं हरवलं, एवढं पुरे.

पण 17 ऑक्टोबर 2015 सांगायलाच हवा. आमच्याच राज्यातल्या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध, मिशिगन स्टेटविरुद्ध, 23-21 ने पुढे, दहा सेकंद शिल्लक. आमच्या पोराने फक्त चेंडू झेलून लांब लाथाडायचा होता. चेंडू हातातून निसटला, समोरच्याने उचलला, पळाला, संपलं. 27-23. लाखभर माणसं एकदम गप्प झाली की कसा आवाज होतो ते मी त्या दिवशी ऐकलं. घरी येईपर्यंत त्या पोराला मी अस्सल सातारी-सांगली वळणाच्या शिव्या घातल्या. आजूबाजूला कुणाला कळत नाहीत, ही परदेशातली मोठी सोय.

दुसऱ्या दिवशी कळलं, पोरगा ऑस्ट्रेलियाचा, तिथला वेगळाच फुटबॉल खेळत मोठा झालेला. लोक त्याला इंटरनेटवर इतकं घाण घाण बोलत होते की विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांना जाहीर पत्र लिहून आवरा म्हणावं लागलं. आणि ज्याने चेंडू उचलून नेला, तो जिंकलेला पोरगा? त्याच्यावर आनंदाने त्याचेच सोबती कोसळले आणि ढिगाखाली त्याचं कमरेचं हाड मोडलं. मी पेपर खाली ठेवला. स्वयंपाकघरात माझी पंधरा वर्षांची लेक उभ्या उभ्या दूध पीत होती. मैदानावरची पोरं माझ्यापेक्षा तिच्या वयाला कितीतरी जवळची होती.

1997 मध्ये मैदानावरची पोरं माझ्या धाकट्या दिराच्या वयाची होती. मग पुतण्यांच्या. ती कायम वीस वर्षांची, चारेक वर्षांनी निघून जाणारी. वाढत गेले ते मीच. हल्ली उघड्या दंडांनी बर्फात उभी असलेली पोरं पाहिली की डावपेच बाजूला राहतात आणि तोंडातून येतं, "अरे, काहीतरी घाला रे अंगात." या गावात आमच्या घरी गणपतीला जेवायला येणारी मराठी पोरंही अशीच. ऑगस्टमध्ये येतात, वरणभातावर तूप मागून घेतात, पदवी घेतली की सिअ‍ॅटल नाहीतर टेक्सास. नावं मिसळायला लागली आहेत, भूक तीच.

लेकीने शिकायला निवडलं ते ओहायो स्टेट. नवऱ्याने दोन दिवस मौन पाळलं. त्यांच्या कोलंबस गावात आमच्या सामन्याच्या आठवड्यात आवारातल्या पाट्यांवरच्या, मिशिगनच्या 'एम' अक्षरावर लाल फुल्या मारतात. लेकीच्या नावात दोन 'एम'. मैत्रिणींनी तिच्या खोलीच्या दारावरच्या दोन्हींवर फुल्या मारल्या आणि तिने तो फोटो मला पाठवला. तिला कळायला लागल्यापासून आम्ही त्यांना एकदाच हरवलं होतं, 2011 मध्ये. त्यामुळे 27 नोव्हेंबर 2021 ला ती लाल कोट घालून माझ्या शेजारी बसली ती कीव करायच्या तयारीनेच. बर्फ भुरभुरत होता. आमच्या हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले, म्हणजे पाचदा चेंडू शेवटच्या रेषेपार नेला. 42-27. लोक कठड्यांवरून मैदानात उतरले. मी अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, मीही निघाले होते. लेकीने कोटाला धरून मागे ओढलं. "आई, गुडघा!"

त्याच वर्षी जुलैपासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली. नवरा म्हणतो, खेळ नासला. पोरं पैशासाठी आज इथे, उद्या तिथे. मला नाही पटत. लाख माणसं तिकीट काढतात, टीव्हीवाले कोट्यवधी डॉलर मोजतात, आणि ज्यांची हाडं मोडतात त्यांना शिष्यवृत्ती घेऊन गप्प बसा? इतकी वर्षं कुणी पाकीट सरकवलंच तर तो दोन नंबरचा पैसा. आता एक नंबरचा झाला, एवढंच. अर्थात आपला एखादा पोरगा दुसऱ्या कॉलेजात गेला की मीही चार दिवस कुरकुरते.

आणि मग 2023 चा मोसम. पंधरापैकी पंधरा. मध्येच प्रतिस्पर्ध्यांच्या डावपेचांच्या खुणा चोरून टिपल्याचं प्रकरण निघालं आणि आमच्या प्रशिक्षकांवर तीन सामने मैदानाबाहेर बसायची वेळ आली. ओहायोवाल्या लेकीने लगेच लिहिलं, "आई, तुझ्या शर्टाचा अर्थ आत्ता लागला." मला उत्तर सुचलं नाही. घरचा मुलगा कॉपी करताना पकडला गेला की आपण आधी दार लावून घेतो, तसं मी केलं.

8 जानेवारी 2024 च्या रात्री अंतिम सामना लागला तेव्हा कपाटाच्या तळातून शर्ट काढला. त्या वर्षी 2 आकडा दोघांच्या छातीवर होता, कारण एकाच वेळी मैदानात नसतील तर ते चालतं. आक्रमणात ब्लेक कोरम, बचावात विल जॉन्सन. मी शर्ट घेतला तेव्हा दोघांचाही जन्म झाला नव्हता. वॉशिंग्टनविरुद्ध 34-13, आणि सामन्याचे दोन्ही मानकरी हेच दोघे.

विट्यात तेव्हा सकाळ होती. आईला फोन लावला.

"जिंकलो."

"कोण?"

"दोन नंबरवाले."

"अजून तोच शर्ट आहे तुझ्याकडे?"

"हो. बगलेत उसवलाय."

"मग टाका घाल की," आई म्हणाली.