लिलाव, पण सगळ्या घरांचा

शनिवार, रात्री

पालक-शिक्षक संघाची बैठक आज बरीच लांबली. प्रयोगशाळेला पैसे जमवायला लिलाव घ्यायचं नक्की झालं. डिसेंबर नको म्हटलं, नागपुरात हिवाळी अधिवेशनात निम्मे रस्ते बंद आणि बरेच पालक बंदोबस्तात अडकलेले. २६ जानेवारीला झेंडावंदनाला आजी-आजोबांसकट घरंच्या घरं शाळेत येतात. त्याच दिवशी, चिवडा-जिलबी झाली की लगेच.

बैठक सुटल्यावर तिसरीतल्या एका मुलीची आई थांबली. म्हणाली, "ताई, तिथं पैसेवाले बोली लावतीन. आमी काय नुस्तं पाहत बसू जी?"

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. कळमन्याच्या बाजारातल्या हर्राशीत, म्हणजे लिलावात, शेवटी दोनच आवाज उरतात, बाकीचे पांगतात. बाजारात ते चालतं. शाळेत तसं झालं तर यंदा पैसे जमतील, पण पुढच्या वर्षी ही घरं फिरकणार नाहीत, आणि मला ती घरंच हवी आहेत.

म्हणून "एक वार, दोन वार" फक्त चार-पाच वस्तूंसाठी. बाकी सगळं टेबलांवर मांडायचं. प्रत्येक वस्तूसमोर कागद, त्यावर सुरुवातीची बोली आणि पुढची किमान कितीने वाढवायची तो आकडा. निम्म्या वस्तू तरी ५० रुपयांपासून सुरू व्हाव्यात. कागदावर नाव नको, प्रत्येक घराला नंबर द्यायचा. कोण कुठे थांबलं हे शेजारच्याला कळायचं काही कारण नाही. वस्तूंची माहिती मुलांनीच लिहायची. आपल्या पोराचं अक्षर वाचायला आईबाप टेबलापर्यंत येतातच.

काटोलकडच्या एका पालकांनी बागेत एक दिवस देऊ केलाय, फेब्रुवारीत, मृग बहाराची संत्री तोडायला. सगळ्यांचं मत, मोठी बोली लागेल. मी अडून बसले. एकाच घराला देण्यापेक्षा वीस घरांना ठरावीक रकमेत न्यावं. रक्कम जवळपास तेवढीच जमेल आणि वीस घरांतली पोरं एका झाडाखाली जेवतील. तिसरीतल्या त्या मुलीच्या आईच्या हातच्या पाटोडी-रश्श्याचं सगळ्या वर्गात नाव आहे. तिला एक दुपार शिकवायला मागणार आहे, तेही याच हिशेबाने.

आणि चौथी 'ब'ची गोधडी! प्रत्येक घरातून एक तुकडा आलाय. साडीचा काठ, सदऱ्याचा खिसा. एका मुलाने आजोबांच्या धोतराचा तुकडा आणला, इतका विरलेला की खाली दुसरं कापड लावावं लागलं. शिवायला बसलेल्या आजींचे टाके एवढे बारीक की मुलं पट्टी लावून मोजत होती. ही गोधडी एका घरात जाऊ द्यायची नाही, असं माझं ठाम मत आहे. तुकडीने मिळून बोली लावावी आणि ती वाचनालयात राहावी. यावर अजून वाद आहे.

पावत्यांचं मात्र आधीच स्पष्ट सांगायला हवं. लिलावात वस्तू विकत घेणं म्हणजे देणगी होत नाही, त्यावर आयकरात देणगीची सूट मागता येत नाही. निव्वळ देणगीची पावती वेगळी, आणि तीही २,००० रुपयांच्या वर रोखीने दिली तर सूट नाही. हे आमंत्रणपत्रिकेच्या मागेच छापावं. सोमवारी हिशेबनिसांना मजकूर दाखवते, मगच छापायला देऊ.